गरुडाच्या मस्तकावरील मुकुट : पोलंडच्या राज्यचिन्हाचा अर्थविचार

युरोपीय कुलचिन्हशास्त्रातील मुकुटांचा विचार सामान्यतः दर्जाच्या अंगाने केला जातो, आणि तो अयोग्य नाही. इंग्लंडमधील ड्यूकच्या मुकुटावर स्ट्रॉबेरीची ८ पाने असतात. बॅरनच्या मुकुटावर केवळ ६ रुपेरी गोळे असतात. ढालीच्या माथ्यावर कोणता मुकुट काढला आहे, एवढ्यावरून धारकाची पायरी ओळखता येते. राजमुकुटातही भेद आहे. वरून कमानींनी बंद केलेला मुकुट पुढे पूर्ण सार्वभौमत्वाची खूण मानला जाऊ लागला व उघडा मुकुट त्याहून खालचा ठरला. तथापि ‘मुकुट म्हणजे राजा’ हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. ज्या देशात राजा उरला नाही, तेथेही मुकुटासाठी वाद झाले आहेत. पोलंडचा पांढरा गरुड हे त्याचे ठळक उदाहरण होय.

११३८ नंतर पोलंडचे राज्य अनेक संस्थानांत विभागले गेले. १२९५ साली प्शेमिस्ल दुसरा ह्याने ग्निएझ्नो येथे राज्याभिषेक करवून घेतला आणि आपल्या राजमुद्रेवर मुकुटधारी गरुड कोरविला. गरुड हे चिन्ह तेथील राजघराण्याच्या निरनिराळ्या शाखा आधीपासूनच वापरीत होत्या. त्यामुळे अनेक गरुडांमध्ये हा एक गरुड राज्याचा आहे, हे सांगण्याचे काम मुकुटाने केले. येथे मुकुटाचा अर्थ राजपद हा तर आहेच. परंतु विभागलेल्या प्रदेशाचे ऐक्य हाही आहे.

१७७२, १७९३ व १७९५ ह्या तीन फाळण्यांनी पोलंडचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले. १८१५ मध्ये रशियाच्या झारच्या अंमलाखाली पोलंडचे नवे राज्य निर्माण करण्यात आले, तेव्हा पोलिश गरुडाची ढाल रशियाच्या द्विमुखी गरुडाच्या छातीवर बसविण्यात आली. गरुडाचा मुकुट तसाच राहिला. परंतु सत्ता कोणाची, हे त्या रचनेतील स्थानावरून स्पष्ट होत होते. चिन्हाचा घटक कायम असला तरी त्याचे स्थान बदलताच अर्थ बदलतो, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी.

पहिल्या महायुद्धाच्या काळात पिल्सुद्स्की ह्यांच्या सैनिकांच्या टोप्यांवर मुकुटहीन गरुड होता. असे असूनही १९१९ च्या ऑगस्टमध्ये नव्या प्रजासत्ताकाने कायद्याने जो गरुड स्वीकारला, त्याच्या मस्तकावर बंद मुकुट व त्यावर क्रूस होता. राजा नसलेल्या राज्याने राजमुकुट धारण केला तो राजेशाहीच्या ओढीने नव्हे, तर सव्वाशे वर्षांनी परत मिळालेल्या स्वातंत्र्याची खूण म्हणून. १९२७ मध्ये झिगमुंट कामिन्स्की ह्यांनी रेखाटलेला नवा गरुड अधिकृत झाला. त्याचा मुकुट उघडा होता व त्यावरील क्रूस गेला होता. वर सांगितलेल्या रूढ संकेताप्रमाणे पाहिले, तर ही पायउतार ठरली असती. पोलिश राज्याचा तसा हेतू असणे शक्य नव्हते.

१९४३ मध्ये सोव्हिएत भूमीवर उभारलेल्या पोलिश सैन्याने मुकुटहीन गरुड वापरला आणि युद्धानंतरच्या साम्यवादी राजवटीने तोच पत्करला. १९५५ च्या हुकुमाने निश्चित केलेले चिन्ह मात्र विशेष विचारार्ह आहे. तो गरुड १९२७ चाच होता. केवळ त्याच्या मस्तकावरील मुकुट काढून टाकला होता. लंडनमधील निर्वासित सरकारने मुकुटधारी गरुडच कायम ठेवला.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे पाणिनीच्या ‘लोप’ ह्या संकल्पनेचे स्मरण होते. लोप म्हणजे नुसता अभाव नव्हे. जेथे काही असणे अपेक्षित आहे, तेथे ते न दिसणे म्हणजे लोप, आणि लुप्त प्रत्ययाचे कार्य मागे उरू शकते. मराठीतील ‘ऊठ’ ह्या आज्ञार्थी रूपाला प्रत्यय नाही. परंतु शेजारी ‘उठा’ हे रूप असल्यामुळेच त्या प्रत्ययहीनतेतून एकवचन वा सलगी व्यक्त होते. स्वित्झर्लंडच्या ढालीवर मुकुट नाही, ह्याची कोणी दखल घेत नाही, कारण तेथे तो अपेक्षितच नाही. पोलिश गरुडाचे उघडे मस्तक मात्र दोन्ही पक्षांना बोलके वाटत होते. एकास त्यात जुन्या व्यवस्थेचा अंत दिसे, तर दुसऱ्यास हिरावलेले स्वातंत्र्य.

हा भेद महाराष्ट्रापासून फार दूरचा नाही. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ ह्या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली व इराणमार्गे आलेली ही कुटुंबे होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली; पूर्वेकडील त्यांची गावेही सोव्हिएत संघात गेली. ज्या देशात परतावयाचे, त्याच्या गरुडावर आता मुकुट नव्हता. अनेकांनी परतण्याऐवजी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांची वाट धरली. त्या काळातील एखाद्या पोलिश कागदावर वा वस्तूवर गरुड आढळल्यास त्याचे मस्तक प्रथम पाहावे, ते ह्यासाठीच.

२९ डिसेंबर १९८९ रोजी घटनादुरुस्ती होऊन मुकुट परत आला आणि ९ फेब्रुवारी १९९० च्या कायद्याने १९२७ चा उघडा मुकुट पुनःस्थापित झाला. २२ डिसेंबर १९९० रोजी निर्वासित सरकारच्या अखेरच्या राष्ट्राध्यक्षांनी अधिकारचिन्हे वॉर्सा येथे लेख वाऊएन्सा ह्यांच्या स्वाधीन केली. मुकुट आला, राजा आला नाही. तो यावा अशी अपेक्षाही नव्हती.

ह्यावरून मुद्रा, नाणी व राज्यचिन्हे ह्यांच्या अभ्यासासाठी एक नियम सुचवावासा वाटतो. चिन्हाचे वर्णन करताना जे दिसते तेवढेच नोंदवून थांबू नये. त्या स्थानी आधी काय होते आणि समकालीन पाहणाऱ्यास तेथे काय अपेक्षित होते, हेही नोंदवावे. मुकुटाचा अर्थ मुकुटाच्या आकारात जितका आहे, तितकाच त्याच्या शेजारच्या पर्यायांत आहे.