एक वाट, दोन वाटसरू

नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर तालुक्यांत खांडबारा हें रेल्वेचें एक स्थानक आहे. सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी नवापूर ओलांडून येथें येते आणि पुढें नंदुरबारला जाते. हा मार्ग ‘ताप्ती व्हॅली रेल्वे’ या नांवानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. त्यासाठीं किलिक निक्सन कंपनीनें पुढाकार घेतला होता. गाड्या चालविण्याचें काम मात्र बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे होतें. शंभर वर्षांहून अधिक काळ हा मार्ग बव्हंशीं एकेरी राहिला. जाणारी गाडी आणि येणारी गाडी, दोघींना रूळ एकच. उधना ते जळगांव या मार्गाच्या दुहेरीकरणाचें लोकार्पण झालें तें फेब्रुवारी २०१९ मध्यें.

एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत म्हणून मागील पिढ्यांनीं कोणते उपाय योजले, हा इतिहास आज पुन्हां वाचण्याजोगा झाला आहे. कारण तोच प्रश्न संगणकांच्या जगांत उभा राहिला, आणि त्याचें उत्तरहि जवळजवळ तेंच निघालें.

आरंभींची रीति अगदीं साधी होती. दोन स्थानकांमधील टप्प्यासाठीं एकच दंड ठेवीत. तो ज्याच्या हातीं असेल त्यानेंच गाडी पुढें न्यावी. परंतु एकाच दिशेनें लागोपाठ दोन गाड्या जावयाच्या असल्या म्हणजे दंड पलीकडच्या स्थानकांत आणि दुसरी गाडी अलीकडे अडकलेली, अशी पंचाईत होई. कित्येक ठिकाणीं मग नुसत्या तारेच्या निरोपांवर काम भागविण्यांत येऊं लागलें. इंग्लंडांत नॉर्विच शहराजवळ थॉर्प येथें १० सप्टेंबर १८७४ च्या रात्रीं अशा निरोपाचाच घोटाळा झाला. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसें प्राणांस मुकलीं.

त्यानंतर एडवर्ड टायर यानें १८७८ सालीं आपल्या विद्युत्-यंत्राचें पेटंट घेतलें. टप्प्याच्या दोन टोकांस दोन पेट्या, त्यांना जोडणारी एक तार आणि पेट्यांत पुष्कळ चकत्या, अशी त्याची रचना होती. कोणत्याहि एका पेटींतून एक चकती निघाली कीं दोन्ही पेट्या बंद होत. ती चकती दोहोंपैकीं एका पेटींत परत पडेपर्यंत दुसरी बाहेर येत नसे. भारतांत नील याच्या यंत्राचा मोठा प्रसार झाला. त्यांत चकतीऐवजीं धातूचा गोळा असे. वेताच्या कडीला लावलेल्या पिशवींत हा गोळा घालून ती कडी धांवत्या इंजिनावरील माणसाच्या हातीं दिली जाई. एकेरी मार्गावरील प्रवाशांनीं हें दृश्य अनेकदां पाहिलें असेल.

संगणकांत रुळाची जागा फाइल घेते. एका खात्यांत ५०० रुपये शिल्लक आहेत असें समजा. एका खिडकीवर १०० रुपये जमा होत आहेत आणि त्याच क्षणीं दुसऱ्या खिडकीवरून २०० रुपये काढले जात आहेत. दोन्ही खिडक्यांनीं ५०० हाच आंकडा वाचला, तर शेवटीं खात्यांत ६०० तरी उरतील किंवा ३०० तरी. खरा आंकडा ४०० हा. तो मात्र कोठेंच दिसणार नाहीं. गाड्यांची टक्कर सर्व गांवाला ऐकूं येते. ही टक्कर निःशब्द असते, आणि म्हणून ती अधिक फसवी असते.

डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानें १९६५ सालीं या प्रश्नाची काटेकोर मांडणी प्रसिद्ध केली. अशा कामासाठीं त्यानें जें साधन सुचविलें त्याला नांव दिलें ‘सेमाफोर’, म्हणजे रेल्वेचा हात दाखविणारा खांब. संगणकशास्त्रानें आपलें ऋण नांवांतच नोंदवून ठेवलें आहे.

संगणक एकटाच असतो तोंपर्यंत काम सोपें असतें. प्रणालीच्या ज्या गाभ्याला कर्नेल म्हणतात तोच स्टेशन मास्तर होतो, आणि कोणती फाइल कोणाच्या ताब्यांत आहे याची नोंद तोच ठेवतो. परंतु अनेक संगणक मिळून एकच डिस्क वापरूं लागले म्हणजे मास्तरहि अनेक होतात. एकानें आपल्या पेटीला कुलूप घातलें तरी दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. टायरच्या पेट्यांना जोडणाऱ्या तारेसारखें कांहीं तरी येथेंहि हवें होतें.

तें अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें बनविलें. तिनें १९८३ सालीं व्हॅक्सक्लस्टर या संगणक-समूहाची घोषणा केली. त्यांतील कुलुपांचा कारभार एका यंत्राकडे न सोंपवितां सर्वांत वांटून दिलेला होता. येथें रुळाची उपमा थोडी तोकडी पडते. फाइल वाचणारे अनेक असले तरी बिघडत नाहीं. लिहिणारा मात्र एकच हवा. म्हणून कुलुपांचे सहा प्रकार ठरविण्यांत आले, कांहीं सौम्य, कांहीं कडक. पुढें लिनक्स या प्रणालीच्या कर्नेलांतहि ही विद्या आली. मार्च २००६ मध्यें ओसीएफएस-टू, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्यें जीएफएस-टू व त्याच्या जोडीला वांटून दिलेल्या कुलुपांचा व्यवस्थापक, असे भाग तिच्यांत समाविष्ट झाले.

तरीहि कुलूप केवळ असून भागत नाहीं. वेल्स प्रांतांत ॲबरम्यूल स्थानकावर २६ जानेवारी १९२१ रोजीं टायरचीच यंत्रें होतीं. एका चालकानें मागील टप्प्याची चकती स्थानकावर दिली. गडबडींत तीच चकती फिरून त्याच्याच हातीं आली. तिच्यावर कोणत्या टप्प्याचें नांव आहे हें कोणीहि वाचलें नाहीं. गाडी निघाली, समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली आणि १७ माणसें मेलीं. यंत्र निर्दोष होतें; पाहणारे डोळे चुकले. युनिक्स परंपरेंतील फाइलींचीं कुलुपें बहुधा अशाच विश्वासावर चालतात. जो कार्यक्रम कुलपाची चौकशीच करीत नाहीं तो फाइलींत खुशाल लिहूं शकतो. त्याला अडविणारें कोणी नसतें.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. गाडी स्थानकांत आली एवढ्यानें मास्तर टप्पा मोकळा समजत नाहीं. शेवटच्या डब्याची खूण, रात्रीं मागचा दिवा, दिसल्यावांचून सगळी गाडी आली असें मानतां येत नाहीं; कदाचित् तुटलेले डबे मागें रुळावरच राहिले असतील. संगणक-समूहांतील एक यंत्र कुलूप हातीं असतांनाच अबोल झालें, तर तें मेलें आहे कीं नुसतेंच मंद झालें आहे हें इतरांना कळत नाहीं. मेलें असें समजून कुलूप दुसऱ्याला द्यावें आणि पहिल्यानें शुद्धीवर येऊन लिहूं लागावें, तर अनर्थ होईल. म्हणून जीएफएस-टू मध्यें बाकीचीं यंत्रें थांबतात. अबोल यंत्राचा वीजपुरवठा तोडून, किंवा त्याची डिस्ककडे जाणारी वाट बंद करून, तें आतां कांहींहि लिहूं शकत नाहीं अशी प्रथम खात्री केली जाते. नंतर त्याची रोजनिशी वाचून अपुरीं राहिलेलीं कामें नीट लावतात आणि मगच कुलूप मोकळें होतें. तेवढा वेळ काम खोळंबतें. वापरणारा त्रासून जातो, सिग्नलाबाहेर थांबलेल्या गाडींतील प्रवासी त्रासून जातो तसा. पण तो खोळंबाच त्याचें रक्षण करीत असतो.

आज खांडबाऱ्यावरून दोन रूळ जातात, आणि समोरच्या गाडीसाठीं ताटकळत उभें राहण्याचे दिवस बव्हंशीं सरले आहेत. फाइलीला असा दुसरा रूळ घालून देतां येत नाहीं. दोन प्रती केल्या तर खरी कोणती, हा वाद उरतोच. तेथें वाट एकच राहणार, आणि जुन्या मास्तरांची शिस्तहि तीच राहणार: हातांतील गोळा वाचून पाहावा, आणि मागचा दिवा दिसल्यावांचून वाट मोकळी झाली असें म्हणूं नये.