चाकं, वजन आणि घाई

विमान अपघात म्हटला की डोळ्यासमोर येतं ते आकाशातून कोसळणारं विमान. पण मला जास्त चटका लावून गेलेला अपघात जमिनीवरचा आहे. विमान उडालंच नव्हतं!

गोष्ट १९२६ सालची. न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर न थांबता उडून जाणाऱ्याला २५,००० डॉलर देईन, असं रेमंड ऑर्टिग या हॉटेलवाल्याने १९१९ मध्येच जाहीर केलं होतं. विडा उचलला रेने फोंकने. पहिल्या महायुद्धातला हा फ्रान्सचा नामांकित वैमानिक, शत्रूची ७५ विमानं पाडलेला. विमान इगोर सिकॉर्स्कीचं : एस-३५, तीन इंजिनांचं बायप्लेन.

इंधन आणि सामान भरता भरता वजन २८,००० पौंडांच्या घरात गेलं. एवढा भार पेलायला जादा चाकं जोडली. उडाल्यावर ती टाकून द्यायची, असा बेत. पूर्ण वजनानिशी चाचणी मात्र झालीच नाही. सिकॉर्स्कीला ती हवी होती, पण चांगल्या हवामानाचे दिवस संपत आलेले. मग काय, निघाले!

२१ सप्टेंबरच्या सकाळी रूझवेल्ट फील्डवर विमान धावू लागलं. वाटेतच जादा चाकांचा सांगाडा मोडला. वेग येईना आणि थांबायलाही जागा उरेना. धावपट्टी संपली तिथे उतार होता. विमान त्यावरून खाली गेलं आणि पेटलं. फोंक आणि सहवैमानिक कर्टिन वाचले. रेडिओ सांभाळणारा क्लाव्हिए आणि मेकॅनिक इस्लामॉव्ह मात्र गेले.

८ मे १९२७ ला नंजेसर आणि कोली पॅरिसहून उलट दिशेने निघाले. त्यांनी तर वजन वाचवायला बायप्लेनची चाकं उडाल्यावर मुद्दामच टाकून दिली, कारण उतरायचं होतं पाण्यावर. ते कधीच पोचले नाहीत.

बाराच दिवसांनी त्याच रूझवेल्ट फील्डवरून लिंडबर्ग निघाला. फोंकच्या अपघाताची बातमी त्याने वाचलेली होती. एक इंजिन, एकटा माणूस, रेडिओसुद्धा नाही. साडेतेहतीस तासांत पॅरिस!

आपण गोष्ट सांगतो ती लिंडबर्गची. पण काय काय सोबत न्यायचं नाही, हा धडा त्याच मैदानावर आठ महिने आधी दोघांच्या जिवावर लिहिला गेला होता. "एकदा तपासून बघू, थोडं थांबू" म्हणणारा माणूस प्रत्येक मोहिमेत असतो, प्रत्येक घरातही असतो. निघायच्या घाईत आपल्याला तो कटकट्या वाटतो, एवढंच.