जाम झालेला कॉम्प्रेसर आणि ओझोनचा करार

आज 16 सप्टेंबर, ओझोन दिन. 1987 साली याच दिवशी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. दरवर्षी या निमित्ताने अंटार्क्टिकावरील ओझोन छिद्राची निळी-जांभळी चित्रे आपण पाहतो. मला मात्र यंदा हा करार एका गॅरेजात, बॉनेटखाली भेटला.

आमच्या मामांकडे 1990 साली परदेशातून आणलेली एक आलिशान मोटार आहे. मे महिन्यात तिचा एसी बंद पडला. बटण दाबताच पट्टा किंचाळायचा आणि जळक्या रबराचा वास यायचा. शीतनचक्राची आकृती मी वर्गात फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे, की क्लचची कॉइल जळाली असणार, असे निदान मी तिथल्या तिथे करून टाकले. मेकॅनिकने माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग एका यंत्राने आतला गॅस ओढून घेतला. साधारण एक किलो असायला हवा होता, निघाला 600 ग्रॅम. त्यानंतर त्याने नळी सोडवली आणि आत बोट फिरवून माझ्यापुढे धरले. राखाडी तेल, आणि त्यात चमचमणारा धातूचा चुरा.

“साहेब, कॉम्प्रेसर आतून खाल्लाय. नवा टाकून देतो, पण आधी जुनं तेल कोणतं होतं ते बघू. नाहीतर सहा महिन्यांत परत इथंच याल.”

तेलाचा प्रश्न त्याला पहिल्यांदा का सुचला, याचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षे मागे नेते.

1920 च्या दशकातील रेफ्रिजरेटरांत सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड, अमोनिया असे विषारी वायू भरलेले असत. बर्लिनमध्ये अशाच गळतीने एक कुटुंब झोपेत मृत्युमुखी पडल्याची बातमी आइन्स्टाइन यांनी वाचली आणि लिओ झिलार्ड यांच्यासह ते हलत्या भागांविना चालणाऱ्या रेफ्रिजरेटरच्या मागे लागले. भौतिकीच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीकडे गंमत म्हणून पाहू नये. त्या दोघांचे निदान अचूक होते: यंत्रात जिथे फिरणारा दांडा बाहेर येतो, तिथले सील केव्हातरी गळणारच.

जगाने मात्र दुसरी वाट धरली. गळती थांबवण्याऐवजी गळला तरी चालेल असा वायू शोधला. जनरल मोटर्ससाठी काम करणारे थॉमस मिजली यांनी 1928 मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे पुढे आणली. 1930 साली त्यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकून ती विझवली. विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे एका श्वासात सिद्ध झाले. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची कल्पनाही मिजली यांचीच, म्हणून आज त्यांना खलनायक ठरवण्याची प्रथा आहे. शिशाच्या बाबतीत ते मला मान्य आहे. ते विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होते. पण क्लोरोफ्लुरोकार्बनच्या बाबतीत त्यांनी त्या काळातले सर्व योग्य प्रश्न विचारले होते. हा वायू कधीच नष्ट झाला नाही तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणालाही सुचला नव्हता.

मोटारीत एसी आला तो 1939 मध्ये, अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीच्या गाड्यांतून. त्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. थंडी नको असेल तर इंजिन बंद करून पट्टा काढावा लागे! पुढे चुंबकीय क्लच आला, पण मूळ रचना बदलली नाही. घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात असतात. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे दांडा बाहेर काढावाच लागतो. तिथले सील आणि धक्के खाणाऱ्या रबरी नळ्या यांतून आर-12 हा वायू वर्षानुवर्षे झिरपत राहिला, आणि मेकॅनिक तो पुन्हा भरत राहिले.

झिरपलेला वायू कुठे गेला, हे 1974 मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी सांगितले. स्थितांबरात अतिनील किरणांनी त्याचा रेणू फुटतो आणि सुटलेला क्लोरीनचा एक अणू निष्क्रिय होण्याआधी ओझोनचे सुमारे एक लाख रेणू मोडू शकतो. 1985 साली जोसेफ फारमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जाहीर केली, आणि दोन वर्षांत करार झाला. भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला. 1990 च्या लंडन बैठकीत विकसनशील देशांसाठी निधीची तरतूद झाल्यानंतर. या विलंबाबद्दल आपल्याला नावे ठेवली गेली, पण वातावरणातला बहुतेक क्लोरीन दुसऱ्यांनी सोडलेला असताना ती मागणी रास्तच होती. पुढे 1 ऑगस्ट 2008 रोजी, मुदतीच्या 17 महिने आधी, भारताने क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन थांबवले. अपवाद उरला तो दम्याच्या फवाऱ्यांसाठी लागणाऱ्या औषधी वापराचा.

आता मामांच्या गाडीकडे. ती आर-12 वर चालणारी. तो मिळेनासा झाल्यावर कोणीतरी तिच्यात क्लोरीनविरहित आर-134ए भरला आणि काम झाले असे समजले. पण गाडीच्या कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर बसून राहत नाही. ते गॅसबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरते आणि परत येते. आर-12 मध्ये खनिज तेल सहज विरघळते, आर-134ए मध्ये जवळजवळ नाहीच. त्यामुळे ते कूलिंग कॉइलमध्ये साचत गेले आणि बेअरिंग कोरडे पडले. शिवाय 0 अंशाला आर-134ए चा बाष्पदाब आर-12 पेक्षा किंचित कमी, सुमारे 2.9 बार, पण 60 अंशाला आर-12 चा 15.3 बार, तर याचा 16.8 बार. म्हणजे दाबाचे गुणोत्तर पाचच्या आतून पावणेसहाच्या घरात गेले. तेल कमी आणि कष्ट जास्त, तेही मे महिन्यात वाहतुकीत अडकलेल्या गाडीत.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. धातूचा चुरा साऱ्या मार्गात पसरला होता, म्हणून नळ्या धुतल्या, कंडेन्सर आणि एक्स्पान्शन वाल्व्ह बदलले, ड्रायर नवा घातला. एस्टर तेल भरले, कारण मागे राहिलेल्या खनिज तेलाशी त्याचे जमते. मग पाऊण तास निर्वात पंप चालवला. आत पाण्याचा अंश राहिला तर तो वाल्व्हच्या तोंडाशी गोठतो आणि तेलाशी मिळून आम्लही करतो. शेवटी गॅस वजन करून भरला, मूळ मापापेक्षा थोडा कमी.

त्या 600 ग्रॅमचा हिशेब मी घरी येऊन केला. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट आहे. नळी नुसतीच सोडवली असती, तर एका ‘फुस्स’ आवाजात सुमारे 860 किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम हवेत गेला असता. 2016 च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने या वर्गातील वायूंचा वापर 2028 मध्ये गोठवायचा आहे, 2032 पासून उतरवायचा आहे आणि 2047 पर्यंत 85 टक्क्यांनी कमी करायचा आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत आज हाच गॅस आहे, आणि त्या गाड्या रस्त्याकडेच्या हजारो गॅरेजांत उघडल्या जातात. गॅस ओढून घेणारे यंत्र यांपैकी कितींकडे असेल? आमच्या मेकॅनिकने ते कर्ज काढून घेतले आहे, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरते, असे तो म्हणाला. मामाही कुरकुरलेच.

गाडी देताना त्याने बॉनेटच्या आत एक कागद चिकटवला. त्यावर गॅसचे नाव, वजन, तेलाचा प्रकार आणि तारीख लिहिली होती. “पुढच्यासाठी,” तो म्हणाला.