उन्हातले काळे चेहरे

जळगाव-धुळ्याकडच्या घरांतले जुने फोटो मी गेली काही वर्षे पाहत आलो आहे. एरंडोल असो, पारोळे असो की शिरपूर, ट्रंकेतून निघणारा साठ-सत्तरच्या दशकातला फोटो बहुधा सारखाच. अंगणात भिंतीला पाठ लावून उभी माणसे. पुरुषांच्या डोळ्यांवर टोपीची सावली, बायकांच्या पदराखाली नुसता काळोख. माझ्या आजीचा एकच फोटो आहे. त्यात लुगड्याचे काठ दिसतात, हातातल्या पाटल्या दिसतात. चेहरा दिसत नाही.

हा फोटो काढणाऱ्याचा अडाणीपणा, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. आता तसे म्हणवत नाही. आपली धाब्याची घरे उन्हाळा सोसण्यासाठी बांधलेली. मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या, छतात एखादे साणे. ऊन बाहेर ठेवणे हाच त्यांचा गुण. त्या काळची फिल्म मंद. बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-३ सारख्या साध्या कॅमेऱ्यात उजेड कमी-जास्त करायला फारसा वाव नव्हता. फ्लॅशचा बल्ब एका फोटोत जळून जाई. घरात फोटो उठेना, म्हणून माणसांना उन्हात आणले. दुपारचे ऊन डोक्यावरून येते; कपाळ आणि नाक उजळते, डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते. पांढऱ्या धोतराला बेताचा असलेला उजेड पदराखालच्या चेहऱ्याला पुरत नाही.

याच जिल्ह्यात, चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनाजवळ, केकी मूस (१९१२-१९८९) राहत होते. इंग्लंडमध्ये कला शिकून आलेले मूस पुढची जवळपास पन्नास वर्षे क्वचितच घराबाहेर पडले आणि टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून त्यांनी फोटोंची सृष्टी उभी केली. त्यांच्या बंगल्याला नाव होते रेम्ब्राँ या डच चित्रकाराचे. त्याच चित्रकाराच्या नावाने फोटोग्राफीत एक प्रकाशयोजना ओळखतात: उजेड एका बाजूने, जरा वरून, सावलीतल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा छोटा त्रिकोण.

असा उजेड आपल्याही दारात होता. ओट्याच्या सावलीत माणूस अंगणाकडे तोंड करून बसला, तर उन्हाने तापलेल्या जमिनीवरून परतणारा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. कमी पडला तर एका बाजूला धुतलेले धोतर धरावे. खर्च काहीच नाही.

मग आजीचा चेहरा का हरवला? थोडा दोष फिल्मचा, थोडा उन्हाचा. पण सासऱ्या-दिरांदेखत तिला “पदर मागे घ्या” म्हणायला कोण धजावणार होते? पुरुष पुढे खुर्चीवर, बायका मागे भिंतीशी, ही मांडणी कॅमेऱ्याने ठरवलेली नव्हती. धुळ्यात देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघरच्या दप्तरांतले कागद इतिहासाचे साधन मानले. हे फोटोही तसेच कागद आहेत, आणि त्यांतला काळा भागही वाचावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात ऐंशी ओलांडलेल्या आईला मी ओट्यावर, अंगणाकडे तोंड करून बसवले. पदर मागे घ्यायला सांगितला.

“आते कोनले दखाडनं शे?” ती म्हणाली. पण घेतला.