दैव पाचवे

मंडळी, ‘पाऊस देवाच्या हातात’ हे वाक्य नांदगावात कुणाला नवे नाही. पण पाऊस देवाच्या हातात असेल, तर उपासमार कुणाच्या हातात असते? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत आपल्याला ठाऊक आहेत. महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजया’त त्यांची कथा सांगितली, कीर्तनकारांनी ती घरोघर नेली. इतिहास किती, आख्यायिका किती, या वादात आम्ही शिरत नाही. लोकांनी ती कशी जपली हाच आमचा पुरावा. दुष्काळात माणसं मरू लागली तेव्हा पंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारे लोकांना खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसे धाडली. तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला आणि धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला.

आता क्रम बघा. पंतांनी पाऊस मागितला नाही, चमत्कार मागितला नाही. जीव वाचले, आणि मग देव आला. तोही हिशेब भागवायला! धान्य साठवण्याची दूरदृष्टी तर बादशहाकडेही होतीच की. कुलूप कधी काढायचे, हे त्याला कळले नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेले नाही, पण ते पाचवे आहे. आम्ही याचा अर्थ असा घेतो की पहिल्या चारांची हजेरी झाल्याशिवाय पाचव्याचे नाव पुकारू नये.

१८७७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने हजेरीच चुकवली. भाव चढले की धान्य आपोआप येईल, म्हणून व्यापारात हात घालायचा नाही, असे धोरण. बाजारालाच त्यांनी विधाता केले! आणि सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा पुरे, असे ठरवले.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या अनेकांनी पाहिला आहे. लाल मिलो आठवतो ना? खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव... १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे कामांवर होती. पण या कामांमागचा विचार त्या वर्षी सुचलेला नव्हता. वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तो करून पाहिला होता. पागे संतसाहित्यात रमणारे गृहस्थ, म्हणून आम्हाला ते या विषयात विशेष वाटतात. मागेल त्याला काम, हा पुढे १९७७ चा कायदा झाला. खर्चासाठी १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसला होता. पगारदार कुरकुरले, साहजिक आहे. पण कोठाराची किंमत या वेळी विठूने नव्हे, त्यांनी भरली.

आता आपल्या दाराशी येऊ. पांझणचे गिरणा धरण याच तालुक्यात, १९६९ मध्ये पूर्ण झालेले. त्याच्या कालव्यांचा मोठा लाभ मात्र खाली जळगाव जिल्ह्याला. धरण भरले नाही तर पाचव्याचे नाव घ्या, आमची हरकत नाही. भरल्यावर पाणी कुठे जाते, हा पहिल्या चारांचा प्रश्न आहे, आणि त्यावर बोलण्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांनाच आता आपण पुढे बोलावू.