टाक्लोबानचें सुतक

मयताच्या घरीं रात्रभर पत्ते कुटतात, आणि तेही पैसे लावून, असें फिलिपाइन बेटांविषयीं प्रथम वाचलें तेव्हां मला तो शुद्ध निलाजरेपणा वाटला. पुढें उलगडा झाला कीं, डावांतील पैशांचा कांहीं वांटा दुःखी कुटुंबासाठीं बाजूस काढावयाचा असतो, आणि शवपेटीचा व दफनाचा खर्च त्यांतून भागवावयाचा असतो. प्रेत एकटें राहूं नये म्हणून जागावयाचें, जागरण सुसह्य व्हावें म्हणून खेळावयाचें, आणि खेळांतूनच हातभार लावावयाचा, असा हा संप्रदाय आहे. या जागरणास ‘लामाय’ म्हणतात. भेटीस येणारा प्रत्येकजण ‘आबुलॉय’ म्हणून यथाशक्ति पैसे देतो. मग नऊ दिवसांची प्रार्थना, तिचें नांव ‘पासियाम’. त्यानंतर चाळिसावा दिवस. आणि वर्षानें ‘बाबांग लुक्सा’, म्हणजे शोक उतरविणें. त्या दिवशीं काळीं वस्त्रें टाकावयाचीं. आपल्याकडील दहाव्या-तेराव्याची व वर्षश्राद्धाची आठवण वाचकांस येथें झाल्यावांचून राहणार नाहीं.

प्रार्थना स्पॅनिश पाद्र्यांनीं दिली. परंतु मरण हें एका घराचें नसून साऱ्या गांवाचें, ही समजूत त्यांच्याही आधींची दिसते. मिगेल दे लोआर्का या स्पॅनिश गृहस्थानें १५८२ मध्यें लिहिलेल्या वृत्तांतांत विसाया बेटांतील एक चाल नमूद आहे. गांवचा दातू, म्हणजे नायक, वारला कीं सर्वांनीं भाल्यांचीं टोकें खालीं करून चालावें, रंगीत वस्त्रें नेसूं नयेत, भांडूं नये, आणि होडी गांवास परत येतांना गाणें म्हणूं नये.

त्याच विसाया बेटांपैकीं लेयते बेटावर ८ नोव्हेंबर २०१३ रोजीं संकट कोसळलें. ‘हैयान’ हें त्या तुफानाचें जगभर रूढ झालेलें नांव. तेथील लोक त्यास ‘योलांडा’ म्हणतात. वाऱ्याहूनही घातक ठरलें तें पाणी. समुद्र पांच मीटरांच्या आसपास चढून टाक्लोबान शहरांत शिरला. हवामानखात्यानें इशारा दिला होता. पण ‘स्टॉर्म सर्ज’ या इंग्रजी शब्दांचा अर्थ पुष्कळांस उमगलाच नाहीं. त्सुनामी येत आहे असें सांगितलें असतें तर पळालों असतों, असें वांचलेले लोक मागाहून म्हणत. वास्तविक या भागांत १८९७ च्या ऑक्टोबरांत असेंच पाणी चढलें होतें, आणि मनिला वेधशाळेचे जेझुइट पंडित होसे अल्गुए यांनीं त्यावर ग्रंथही लिहिला होता. ग्रंथ कपाटांत राहिला आणि किनारा विसरला. आम्हां इतिहासाच्या शिक्षकांस हें लिहितांना थोडी लाज वाटावयास हवी.

सरकारी गणनेनें ६,३०० माणसें गेलीं. हजाराहून अधिक बेपत्ता राहिलीं. वर सांगितलेली सारी चाल एका सकाळींत मोडून पडली. जागावयाचें कोणापाशीं? कित्येक प्रेतें सांपडलींच नाहींत. सांपडलीं त्यांतलीं पुष्कळशीं ओळखतां येईनात. आणि आबुलॉय द्यावयाचें कोणीं? शेजारी स्वतःच नागवला गेला होता. पालो गांवीं सान होआकीन येथील चर्चच्या अंगणांतच शेकडो लोक पुरले गेले. टाक्लोबानजवळ बास्पेर येथील दफनभूमींत दोन हजारांहून अधिक प्रेतें एकत्र ठेवण्यांत आलीं.

लोकांनीं मात्र चाल सोडली नाहीं; हातीं उरलें त्यांतून ती पुन्हां बेतली. १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत पहांटेची उपासना करण्याचा तेथें प्रघात आहे. तीस ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात. त्या वर्षीं ती छपरें उडालेल्या चर्चमध्यें झाली. नाताळच्या त्या नऊ पहांटा पुष्कळांच्या मनांत मृतांच्या नऊ दिवसांशीं मिसळून गेल्या असतील, असा माझा तर्क आहे.

आबुलॉयही आलें, पण दुरून. परदेशीं चाकरी करणाऱ्या लक्षावधि फिलिपिनो लोकांनीं घरीं पैसे धाडले. तैवानच्या ‘त्झू ची’ या बौद्ध संस्थेनें टाक्लोबानकरांस त्यांच्याच गल्ल्यांतील चिखल व राडारोडा उपसण्याबद्दल दररोज ५०० पेसो दिले. तेथील रोजंदारीच्या जवळजवळ दुप्पट. कॅथलिक शहरानें बौद्धांच्या हातून घेतलेल्या या मजुरीचा कोणास विटाळ झाल्याचें ऐकिवांत नाहीं. घरांच्या बाबतींत मात्र सरकारी गाडा फार मंद चालला. किनाऱ्यावरील कुटुंबांस शहराच्या उत्तरेस घरें मिळावयास वर्षें लागलीं. आणि मिळालीं तेथें पाण्याची टंचाई, कोळ्यास समुद्र दूर.

बास्पेर येथें आज पांढऱ्या क्रूसांच्या रांगा आहेत. कोणत्या क्रूसाखालीं कोण निजलें आहे, हें कोणासच ठाऊक नाहीं. नातलग आले, त्यांतला एकेक क्रूस त्यांनीं आपला म्हणून निवडला, त्यावर आपल्या माणसाचें नांव लिहिलें, आणि नोव्हेंबर आला कीं ते त्याच क्रूसापाशीं येऊन मेणबत्ती लावतात.