आधी खोलीचा पारा

मे महिन्यात राज्यातल्या उन्हाची बातमी चंद्रपूरच्या नावाशिवाय पुरी होत नाही. पारा ४६-४७च्या पुढे गेला की वर्तमानपत्रं आमच्याकडे वळतात, नवतपा सरला की विसरतात. या उन्हाने इथल्या एका धंद्याला कसं वळण लावलं, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. तो धंदा म्हणजे कॉम्प्युटर जोडण्याचा आणि दुरुस्त करण्याचा.

माझं दुकान तुकूममध्ये आहे. दुर्गापूरची खाण जवळ, ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या त्याहून जवळ. नवीन मशीन घेतलं आणि प्रोसेसर ९० अंशांवर जातोय, ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिल्यांदा मशीनबद्दल काही विचारत नाही. मशीन कुठल्या खोलीत आहे, वर स्लॅब आहे की टिन, कुलर कुठे लावलाय, एवढंच विचारते. अशी विचारपूस या गावाने आम्हाला शिकवली, आणि शिकवायला त्याला बरीच वर्षं लागली.

जिल्ह्यात कॉम्प्युटर आला तो थंड खोलीत. १९८३-८४ मध्ये वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. दशक संपता संपता एनआयसीची जिल्हा केंद्रं उभी राहू लागली. कोळसा खाणींची कार्यालयं आणि बँका यांनीही हळूहळू मशीन घेतली. साहेबांच्या खोलीत वाळ्याच्या ताट्या आणि कॉम्प्युटरच्या खोलीत एसी, अशी तेव्हाची मांडणी. चपला दाराबाहेर काढायच्या, दार लगेच लावून घ्यायचं. त्या थंडाव्यातली चिप स्वतः फारशी तापत नव्हती. ३८६ प्रोसेसरवर पंखा सोडाच, ॲल्युमिनिअमची हीटसिंकही बहुधा नसायची. १९९२च्या ४८६ डीएक्स-टूपासून हीटसिंक दिसू लागली आणि १९९३च्या पेंटियमबरोबर पंखा आला. चिप गरम व्हायला लागली ती नेमकी कॉम्प्युटर एसीबाहेर पडण्याच्या सुमारास. आमच्या धंद्याच्या सगळ्या अडचणींचं मूळ या एका योगायोगात आहे.

१९९०च्या दशकाच्या शेवटी गावात मशीन ‘जोडून’ मिळायला लागलं. मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट नागपूरच्या सीताबर्डीवरून यायचं, एसटीत मांडीवर धरून. ज्यांच्याकडे मी हे काम शिकले त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. ते एएमडीच्या अ‍ॅथलॉनच्या आठवणी सांगत. त्या प्रोसेसरची सिलिकॉनची चकती उघडी असायची, वर धातूचं झाकण नसे. हीटसिंकची स्प्रिंगची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून अडकवायची. हात सरकला की चकतीचा कोपरा उडे, आणि हीटसिंक तिरकी बसली तर चिप काही सेकंदांत जळून जाई. २०००च्या नोव्हेंबरमध्ये आलेला पेंटियम ४ तापला की आपला वेग कमी करून स्वतःला वाचवायचा. त्यामुळे जळालेली मशीन कमी झाली आणि ‘मशीन दुपारी स्लो चालते’ ही नवी तक्रार सुरू झाली. मागाहून कळलं की दुपारचं ते स्लो होणं म्हणजे चिपने मागितलेली दाद होती.

२००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी सुरू झाली, आणि कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने झाडीपट्टीत पोचला. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, चामोर्शी, अहेरी, जिथे म्हणून तालुक्याचा किंवा बाजाराचा गाव होता तिथे केंद्र निघालं. मीही अशाच एका केंद्रात शिकवत होते. खोली भाड्याची, वर टिन, खिडक्या दोन, मशीन वीस. एक मशीन आणि काचेचा जाड मॉनिटर मिळून दीडशे वॅट धरले, तर वीस मशीनचे तीन हजार वॅट होतात. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. बाहेर ४५ अंश, डोक्यावर तापलेलं टिन आणि खोलीत तीन किलोवॅटची शेगडी, अशा जागी मुलं वर्ड आणि एक्सेल शिकत होती. सकाळी सातच्या बॅचला मशीन गुणी असायची. दुपारी तीच मशीन अडखळायची, आपोआप रीस्टार्ट व्हायची, आणि मुलांना वाटायचं आपलंच काही चुकलं.

दादांनी तेव्हा मला एक वही करायला लावली. एका रकान्यात खोलीचं तापमान, भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरचं. दुसऱ्यात प्रोसेसरचं, बायोसमध्ये शिरून पाहिलेलं. तिसरा रकाना दोन्हींमधल्या फरकाचा. “आधी खोली पाहजो ताई, मंग मशीन,” असं ते म्हणत. त्या तिसऱ्या रकान्याने माझे डोळे उघडले. सकाळी खोली ३० आणि प्रोसेसर ६५, दुपारी खोली ४२ आणि प्रोसेसर ७७. फरक दोन्ही वेळेला ३५. म्हणजे मशीन सकाळी जसं होतं तसंच दुपारी होतं. बदललं होतं ते हवामान. हवेवर थंड होणारी कुठलीही चिप खोलीच्या हवेखाली जाऊ शकत नाही. हीटसिंकचं काम खोलीच्या वर चढलेले अंश कमी ठेवण्याचं आहे. तो फरक वाढला तर दोष मशीनचा. फरक तेवढाच राहून आकडा चढला तर दोष खोलीचा. हा नियम पदार्थविज्ञानात जुनाच आहे. पण दुपारच्या वेळी टिनाखाली तो आपल्या हाताने लिहून पाहिला की मग विसरत नाही.

२००४ मध्ये या नियमाची कसोटी लागली. फेब्रुवारीत इंटेलचा ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ आला. वेगाच्या हव्यासात तो शंभर वॅटपर्यंत आणि काही मॉडेलांत त्याच्याही वर गेला. जगभरच तो गरम म्हणून गाजला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत सोडून दिला. पण बाहेरच्या आणि आमच्या अडचणीत एक मोठा फरक होता. कॅबिनेटसाठी इंटेलने जे मार्गदर्शन दिलं होतं, त्यात खोली जास्तीत जास्त ३५ अंशांची धरली होती आणि प्रोसेसरच्या पंख्यात जाणारी हवा ३८च्या वर जाऊ द्यायची नव्हती. त्यासाठी कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून प्लॅस्टिकचं नळकांडं यायचं, बाहेरची हवा थेट पंख्यावर सोडणारं. आमच्याकडे मार्चच्या शेवटी खोलीच ३५ ओलांडते. एप्रिलमध्ये त्या नळकांड्यातून ४२ अंशांची हवा आत येते. म्हणजे मशीन सदोष नव्हतं आणि जोडणाराही निष्काळजी नव्हता. कागदावरच्या खोलीत चंद्रपूर धरलेलंच नव्हतं.

त्याच वर्षी प्रोसेसर बसवण्याची पद्धत बदलली. हीटसिंकच्या चार कोपऱ्यांना प्लॅस्टिकचे चार पाय आले. प्रत्येक पाय बोर्डाच्या भोकात घालून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबायचा, तेही एकाच बाजूचे नव्हेत तर समोरासमोरचे, कर्णाने. तीन बसले आणि चौथा अर्धवट राहिला तरी वरून काही दिसत नाही. पंखा फिरत असतो, मशीन सुरू होतं. ते बोर्ड उलटं करून पाहावं लागतं. चारही भोकांतून पांढऱ्या पायाच्या दोन-दोन पाकळ्या फाकून बाहेर आल्या असतील तरच हीटसिंक बसली. एका ठिकाणी पाकळ्या मिटलेल्या दिसल्या की दोष सापडला.

हा दोष चंद्रपुरात कमी आणि गडचिरोलीच्या दक्षिणेला जास्त निघायचा. दुकानात तपासून, फरक ३५ लिहून दिलेलं मशीन आलापल्लीवरून भामरागडला जाईपर्यंत रस्त्याचे दणके खायचं. तिथे सुरू केलं की पाच मिनिटांत बंद. फोनवर बोलणं व्हायचं ते रेंज मिळेल तेव्हा. मग आम्ही रीतच ठरवली: लांब जाणाऱ्या मशीनची हीटसिंक पायांऐवजी मागे धातूची पट्टी लावून स्क्रूने कसायची, आणि कॅबिनेट एसटीत उभं न ठेवता आडवं ठेवायचं, बोर्ड खाली येईल असं. पट्टी नसेल तर हीटसिंक वेगळ्या खोक्यात द्यायची आणि तिथल्या मुलाला ती बसवायला शिकवायचं. अहेरी-एटापल्लीकडची कितीतरी मुलं या कामात अशीच तयार झाली.

धुळीचा इतिहास तर प्रत्येक मशीनच्या पोटात लिहिलेला असतो. पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला की खाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी, नमद्यासारखा थर सापडतो. बाहेरून पंखा झटकला तरी हा थर जागचा हलत नाही. घुग्गुस-दुर्गापूरचा थर काळा आणि बोटाला चकाकी देणारा. गडचांदूर-आवारपूरचा राखाडी, सिमेंटचा, ओल लागली की टणक होणारा. मूलच्या राइस मिलजवळच्या मशीनमध्ये कोंडा, वरोऱ्याच्या जिनिंगजवळ सरकीचा तंतू. मशीन कुठून आलंय हे ग्राहकाने सांगायच्या आधी कळतं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं होतं. ती धूळ माणसांच्या छातीतही बसते, आणि ब्लोअरने ती तिथून निघत नाही. थर उडवताना मला हे दर वेळी आठवतं.

कुलरबद्दलही इथे नीट सांगायला हवं. कोरड्या मेमध्ये ताट्यांतून आलेली हवा दहा-पंधरा अंशांनी उतरते, म्हणून नवतप्यात कुलरच्या खोलीतलं मशीन सुखात असतं. खरी परीक्षा त्यानंतर, मृग लागूनही पाऊस लांबतो तेव्हा. ऊन तेवढंच, हवा दमट, कुलर नुसती ओल देतो, आणि ती ओल पात्यांवरच्या धुळीचा चिखल करते. लोडशेडिंगच्या वर्षांत याच्यावर आणखी एक संकट होतं. यूपीएसवर कॉम्प्युटर चालायचा, कुलर बंद पडायचा. लग्नसराईत पत्रिका छापणारे डीटीपीवाले वीज गेली की उरलेलं काम बॅटरीवर उरकायचे, आणि त्याच अर्ध्या तासात मशीन सगळ्यात जास्त तापायचं. वीज तयार करणाऱ्या जिल्ह्यातल्या गावांनी हे वर्षानुवर्षं सोसलं. २०१० च्या उन्हाळ्यात तर इरई धरणातलं पाणी आटल्यामुळे वीज केंद्राचेच संच बंद ठेवावे लागले. एवढ्या मोठ्या केंद्रालाही थंडाव्याशिवाय चालता आलं नाही.

२००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला, वॅट ६५ वर उतरले, आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. ती सवलत आता संपली आहे. २०२२ चे रायझन ७००० प्रोसेसर कामाच्या भरात ९५ अंशांपर्यंत जायचेच, असं धरून बनवले आहेत. इंटेलचे मोठे प्रोसेसर १०० पर्यंत जातात. वर काही बोर्ड कारखान्याची वॅटची मर्यादा आपणहून उठवून ठेवतात, आणि फॅशनच्या कॅबिनेटला पुढे जाळीऐवजी काच असते, म्हणजे हवेला वाटच नाही. मशीन नवं, महाग, आणि पहिल्याच दिवशी ९५.

अशा वेळी मी अजून दादांच्याच क्रमाने जाते. खोलीचा पारा. मग हीटसिंकच्या तळाचा पारदर्शक कागद सोलला आहे का, चारही टोकं बसली आहेत का, पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच आहे का. मग चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट: मधोमध वाटाण्याएवढी, वाळलेली असेल तर पुसून नवी. मग पुढची काच काढून फरक किती उतरतो ते पाहायचं. शेवटी बायोसमध्ये वॅटची मर्यादा कारखान्याच्या आकड्यावर आणायची. बहुतेक मशीन एवढ्यात ताळ्यावर येतात, नवा महाग कुलिंगचा सेट न घेता.

माझी एक मागणी आहे, आणि ती मी मनापासून करते. चंद्रपूर-गडचिरोलीत विकलेल्या प्रत्येक जोडलेल्या मशीनच्या पावतीवर दोन आकडे असावेत: तपासलं तेव्हाचं खोलीचं तापमान आणि पूर्ण भारावरचं प्रोसेसरचं. आयटीआयमध्ये हार्डवेअर शिकणाऱ्या मुलांना हा फरक काढायला पहिल्या आठवड्यात शिकवावं, तोही मे महिन्यात, कुलर बंद करून. ज्या खोलीचा हिशेब कंपनीच्या कागदात नाही, तो आपल्या पावतीवर आपणच लिहिला पाहिजे. ग्राहक सहा महिन्यांनी परत आला तर त्या दोन आकड्यांवरून दोष कुठे आहे हे पाच मिनिटांत सांगता येतं, आणि कोणी त्याला नको असलेला सुटा भाग विकू शकत नाही.